दह्यातले जिवाणू, जंतू गिळणाऱ्या पेशी आणि इल्या मेचनिकॉव्ह

दह्या-ताकातल्या जिवाणूंपासून कॅन्सरवर लस बनवायचे प्रयत्न चालू आहेत, असं कुणी सांगितलं तर पहिल्यांदा वाटेल, आला अजून एक व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड. पण ही गोष्ट फॉरवर्डमधली नाही. फ्रान्स आणि जपानमधल्या प्रयोगशाळांत गेली वीसेक वर्षं यावर रीतसर काम झालंय. आधी उंदरांवर, नंतर माणसांवरही चाचण्या झाल्या. औषध अजून हातात आलेलं नाही. ते का आलेलं नाही, हेही आपण बघू.

त्याआधी एका माणसाची ओळख करून घेऊ. या लसीला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे दूध आंबवणारे निरुपद्रवी जिवाणू, आणि दुसरी म्हणजे ते जिवाणू गिळून त्यातला माल बाकीच्या शरीराला दाखवणाऱ्या आपल्याच पेशी. सव्वाशे वर्षांपूर्वी एकाच माणसाने आयुष्याचा पहिला अर्धा भाग जंतू गिळणाऱ्या पेशींसाठी घालवला आणि दुसरा अर्धा बराचसा आंबवलेल्या दुधासाठी. ही दोन कामं पुढे कधी अशी एकत्र येतील हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याचं नाव इल्या मेचनिकॉव्ह.

घरातला 'पारा'

आजच्या युक्रेनमधल्या खारकीव शहराजवळच्या एका खेड्यात १८४५ साली त्याचा जन्म झाला. तेव्हा हा सगळा मुलूख रशियन साम्राज्यात होता. वडील झारच्या फौजेतले अधिकारी. आई एमिलिया ही ज्यू वंशाच्या लेखकाची मुलगी. पाच भावंडांत इल्या शेंडेफळ. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून घरात त्याचं नाव पडलं 'पारा'. झाडापानांचा नाद इतका, की भावांना आणि आसपासच्या पोरांना गोळा करून तो वनस्पतीशास्त्रावर भाषणं द्यायचा. ऐकायला कुणी बसेना, तेव्हा खाऊचे पैसे देऊन बसवायचा.

खारकीवच्या विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला आणि जर्मनी, इटली असा फिरत समुद्रातल्या बारीक प्राण्यांचा अभ्यास केला. १८६५ मध्ये, म्हणजे विशीत, त्याने एका चपट्या कृमीमध्ये एक गोष्ट पाहिली. या कृमीचं अन्न पोटात विरघळत नव्हतं. पोटाच्या अस्तरातल्या पेशी अन्नाचे कण सरळ गिळत होत्या आणि आपल्या आत पचवत होत्या. तेव्हा त्याला यात पचनाच्या पलीकडचं काही दिसलं नाही. पण निरीक्षण डोक्यात राहिलं.

दोनदा मरणाच्या दारातून

पुढचा भाग टाळून त्यांचं चरित्र सांगता येत नाही, कारण त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात मरणाची भीती आणि मरणाशी भांडण आहे.

१८६९ मध्ये त्यांनी लुडमिला फिओदोरोविच हिच्याशी लग्न केलं. तिला क्षय होता. इतकी अशक्त होती की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. औषधं, हवापालट, उसनवारी, सगळं केलं. १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली. मेचनिकॉव्ह यांची दृष्टी तेव्हा खराब झाली होती, सूक्ष्मदर्शकात बघता येत नव्हतं, काम थांबलं होतं. त्या अवस्थेत त्यांनी स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. वाचले.

दोन वर्षांनी ओल्गाशी दुसरं लग्न झालं. ही मुलगी पुढे त्यांची सहकारी झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचं चरित्रही तिनेच लिहिलं. १८८० मध्ये ओल्गाला टायफॉइड झाला, ती मरता मरता वाचली. ओदेसा विद्यापीठातलं राजकारण विकोपाला गेलं होतं, मेचनिकॉव्ह पुन्हा खचले होते. या वेळी त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. हा ताप रक्तातून पसरतो का, हे मेल्यावर तरी विज्ञानाला कळेल, असा हिशोब. ताप आला, जोरात आला, आणि ते त्यातूनही उठले. या आजारानंतर माणूस बदलला असं ओल्गाने नोंदवलंय. निराशा मागे पडली आणि जगण्याची चिकट ओढ आली. आपण यात काही थोर बघायला नको. तो आजारी मनाचा निर्णय होता आणि आज तसा कुणी निघाला तर त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं.

मेसिनातला गुलाबाचा काटा

१८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली आणि विद्यापीठांवरची पकड आवळली गेली. १८८२ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी राजीनामा दिला. ओल्गाच्या आईवडिलांचं निधन झालं होतं, तिच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी यांच्यावर होती. सगळा गोतावळा घेऊन ते सिसिली बेटावरच्या मेसिनाला गेले. समुद्राकाठी घर घेतलं आणि दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक मांडला. नोकरी नाही, विद्यार्थी नाहीत. त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाची प्रयोगशाळा ही एवढीच.

एक दिवस घरची मंडळी सर्कशीतली कसरत करणारी माकडं बघायला गेली. हे एकटे घरी. समोर ताराम‌ाशाची बारीक पिल्लं होती, पाण्यासारखी पारदर्शक. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे भटकताना दिसत होत्या. बघता बघता त्यांना ती जुनी गोष्ट आठवली असणार, अन्न गिळणाऱ्या पेशींची. अन्न गिळणारी पेशी शत्रूही गिळत असली तर? बाहेरून काही घुसलं तर या भटक्या पेशी त्याच्याभोवती जमतील का?

नाताळसाठी मुलांना एका छोट्या संत्र्याच्या झाडाचं ख्रिसमस ट्री सजवून दिलं होतं, त्याच बागेत गुलाब होता. त्याचे काटे काढून त्यांनी पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. पहाटे उठून पाहिलं तर काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला.

आपल्या बोटात कुसळ गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे लाल होतं, पू धरतो. पू म्हणजे बऱ्याच अंशी पांढऱ्या पेशींचा ढीग. हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं. पण त्यांचा समज उलटा होता. पांढऱ्या पेशी जंतूंना उचलून शरीरभर पसरवतात, असं तेव्हाचे रोगतज्ज्ञ मानत. पेशी चोराच्या साथीदार आहेत असं सगळे म्हणत असताना मेचनिकॉव्ह म्हणाले की त्या पहारेकरी आहेत. योगायोगाने जर्मनीचे मोठे शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो मेसिनात आले होते. त्यांनी प्रयोग पाहिला, दाद दिली आणि सावधही केलं, की वैद्यकातले लोक हे सहज मानणार नाहीत. या पेशींना 'फॅगोसाइट' हे नाव व्हिएन्नामधल्या मित्रांच्या मदतीने ग्रीक शब्दांतून मिळालं. आपण भक्षक पेशी म्हणू.

काटा ही निर्जीव वस्तू. खऱ्या रोगाचं काय? १८८४ मध्ये त्यांनी डबक्यातल्या पाणपिसूवर काम केलं. पाणपिसूच्या पोटात एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू जातात, आतड्याची भिंत भोसकून अंगात घुसतात. तिथे भक्षक पेशी त्यांना घेरतात. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते, बीजाणू वाढले तर मरते. सगळी लढाई काचेवर डोळ्यांनी दिसत होती.

पॅरिस आणि मुंबईशी एक धागा

१८८६ मध्ये ओदेसात रेबीजच्या लशीसाठी नवी संस्था निघाली, तिचे संचालक मेचनिकॉव्ह. पण ते डॉक्टर नव्हते, प्राणीशास्त्रज्ञ होते. स्थानिक डॉक्टरांनी त्यांना नीट काम करू दिलं नाही. त्यात मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस देताना घोळ होऊन हजारो मेंढ्या दगावल्या. ते बाहेर पडायचा रस्ता शोधू लागले. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी त्यांचं बोलणं थंडपणे ऐकून घेतलं. पॅरिसला लुई पाश्चर यांनी मात्र आपल्या नव्या संस्थेत जागा देऊ केली. १८८८ मध्ये मेचनिकॉव्ह पॅरिसला गेले ते कायमचे.

त्यांच्या मागोमाग ओदेसाचा एक विद्यार्थी तिथे पोचला. जागा नव्हती म्हणून त्याने सुरुवातीला ग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी धरली. वाल्डेमार हाफकिन. १८९३ मध्ये ते कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आले, मुंबईत प्लेग आला तेव्हा प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती हीच. लशी स्वतःवर तपासायची खोड गुरुशिष्यांत सारखीच होती म्हणायची.

पॅरिसमध्ये मेचनिकॉव्ह यांची पुढची वीस वर्षं वादात गेली. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की रक्तातल्या नितळ द्रवातच विष मारणारे पदार्थ असतात. मग पेशी हव्यात कशाला, असा जर्मन गटाचा सवाल. मेचनिकॉव्ह दर परिषदेत विस्कटलेले केस आणि फुगलेल्या बॅगा घेऊन भांडायला हजर. शेवटी १९०८ चं नोबेल दोन्ही बाजूंना वाटून दिलं गेलं, अर्धं मेचनिकॉव्ह यांना आणि अर्धं पॉल एर्लिख यांना. शरीराला दोन्ही लागतात हे आज शाळेच्या पुस्तकातही असतं. पण हा वाद कोरडा नव्हता. कॅन्सरच्या लशीचं घोडं नेमकं याच जागी अडतं, ते पुढे येईल.

दह्याचं वेड

कॉलऱ्याने त्यांना आतड्यांकडे वळवलं. १८९२ मध्ये हा रोग कॉलऱ्याच्या जंतूनेच होतो का, हे तपासायला त्यांनी स्वतः जंतू प्यायले. काही झालं नाही. एक सहकारी प्यायला, त्यालाही काही झालं नाही. तिसरा एक तरुण प्यायला आणि मरता मरता वाचला. यानंतर माणसांवरचे हे प्रयोग त्यांनी थांबवले. तो मुलगा गेला असता तर आज आपण त्यांच्याबद्दल वेगळ्या सुरात बोलत असतो.

एकच जंतू एकाला लागतो आणि दुसऱ्याला नाही, असं का? काचेच्या बशीत त्यांना दिसलं की काही इतर जिवाणू सोबत असले तर कॉलऱ्याचा जंतू जोमाने वाढतो आणि काही असले तर वाढत नाही. म्हणजे आतड्यात आधीपासून कोण राहतं, यावर बरंच काही ठरतं. हा विचार आजही टिकून आहे.

यावरून पुढे त्यांनी जी उडी घेतली ती मात्र फार लांबची होती. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू असतात, त्यांचं विष रक्तात भिनून आपण अकाली म्हातारे होतो, असं त्यांनी मांडलं. दूध आंबवणारे जिवाणू आम्ल तयार करतात, आम्लात कुजणं थांबतं, दूध नाही का दही झाल्यावर लवकर नासत नाही. तेव्हा आंबवलेलं दूध प्यावं. बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन दीर्घायुषी होतात अशी माहिती त्यांच्याकडे आली होती. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात त्या दह्यातला काडीसारखा जिवाणू वेगळा केला. मेचनिकॉव्ह स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत. कच्चं काही खात नसत, फळंसुद्धा उकळत्या पाण्यातून काढून.

१९०४ मधल्या पॅरिसच्या भाषणानंतर वर्तमानपत्रांनी विषय उचलला आणि युरोप-अमेरिकेत दह्याची लाट आली. औषधांच्या दुकानांत जिवाणूंच्या गोळ्या मिळू लागल्या. त्यांच्या नावावर माल विकणारी कंपनीही निघाली. त्यातून त्यांनी स्वतः पैसा घेतला नाही, पण नाव वापरू दिलं, आणि मग टीका व्हायची ती झालीच. त्याहून वाईट म्हणजे लंडनचे आर्बथनॉट लेन यांच्यासारखे शल्यचिकित्सक या सिद्धांताच्या आधारावर धडधाकट माणसांची मोठी आतडी कापून काढू लागले. त्या शस्त्रक्रियांनी नुकसानच केलं. १९२० च्या आसपास अमेरिकेत लिओ रेट्गर यांनी दाखवून दिलं की तो बल्गेरियन जिवाणू आपल्या आतड्यात मुक्कामच करत नाही, येतो तसा जातो.

म्हणजे दह्याने म्हातारपण टळतं हा दावा पडला. पण तो जिवाणू खाल्ला तर काही बाधत नाही, हे तर जगभरच्या घरांत हजारो वर्षं तपासून झालंच होतं. मिनोरू शिरोता या जपानी डॉक्टरने १९३० मध्ये मेचनिकॉव्ह यांच्याच वाटेने जात लॅक्टोबॅसिलस केसी या जातीचा एक टिकाऊ वाण निवडला. १९३५ पासून तो याकुल्टच्या बाटलीतून विकला जातोय.

कॅन्सर आणि विषाणू

मेचनिकॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत अमेदे बोरेल नावाचे एक सहकारी होते. १९०३ मध्ये त्यांनी मांडलं की काही कॅन्सरमागे विषाणू असू शकतात. तेव्हा विषाणू कुणी पाहिलेलाही नव्हता. स्वतः मेचनिकॉव्ह यांचाही कल कॅन्सर बाहेरून येणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे होत असावा असं मानण्याकडे होता. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबड्यांच्या गाठीतून विषाणू दाखवला. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. राउस यांना नोबेल मिळायला १९६६ उजाडलं.

सगळे कॅन्सर विषाणूंमुळे होत नाहीत, पण काही नक्की होतात. हेपटायटिस बी आणि सी यकृताच्या कॅन्सरला कारण होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस असतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये त्याचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. त्यांना नोबेल मिळालं २००८ मध्ये, मेचनिकॉव्ह यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

या विषाणूवर प्रतिबंधक लस २००६ पासून आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. मग दह्यातल्या जिवाणूंची गरजच काय?

गरज अशी, की या लशी विषाणू आत शिरायच्या आधी काम करतात. त्या प्रतिपिंडं तयार करतात आणि प्रतिपिंडं विषाणूला दारातच अडवतात. ज्या बाईच्या गर्भाशयमुखात विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलाय तिला त्यांचा उपयोग होत नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने जातात. यातल्या बहुतेकींच्या लहानपणी ही लस नव्हतीच.

विषाणू पेशीत घुसला की ई-७ नावाचं एक प्रथिन बनवतो. या आणि ई-६ नावाच्या प्रथिनामुळे पेशीचे वाढ रोखणारे ब्रेक निकामी होतात. ही प्रथिनं पेशीच्या आत असतात. प्रतिपिंडं आत जाऊ शकत नाहीत. इथे लागतात आजारी पेशी ओळखून मारणाऱ्या टी पेशी. आणि टी पेशींना शत्रू ओळखायला शिकवायचं तर आधी कुणीतरी तो पदार्थ गिळून, त्याचे तुकडे करून, ते त्यांच्यासमोर धरायला हवेत. हे काम करतात मेचनिकॉव्ह यांच्या भक्षक पेशी आणि त्यांच्याच गोतावळ्यातल्या, १९७० च्या दशकात ओळख पटलेल्या डेंड्रायटिक पेशी. जंतू गिळणं हा लढाईचा शेवट आहे असं मेचनिकॉव्ह समजत होते. प्रत्यक्षात ती पुढच्या शिकवणीची सुरुवातही असते.

मग युक्ती अशी, की निरुपद्रवी जिवाणूमध्ये ई-७ चं जनुक घालायचं. ई-७ मध्ये आधीच असा बदल करायचा की त्याने स्वतः अपाय होऊ नये. जिवाणू ते प्रथिन बनवून आपल्या भिंतीवर बाळगतो. भक्षक पेशी त्याला जिवाणू म्हणून गिळतात आणि ई-७ ही सोबत गिळलं जातं. नुसतं प्रथिन दिलं तर शरीर फारसं लक्ष देत नाही. जिवाणूच्या अंगावर आलं तर देतं.

पॅरिसजवळच्या जूई-आं-जोसास इथे फ्रान्सची शेतीविषयक संशोधन संस्था आहे. तिथल्या गटाने लॅक्टोकॉकस लॅक्टिस घेतला. चीज आणि ताक बनवणारा हा जिवाणू १८७० च्या दशकात जोसेफ लिस्टर यांनी आंबलेल्या दुधातून वेगळा केला होता. २००५ मध्ये या गटाने दाखवलं की ई-७ आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारं आणखी एक प्रथिन बनवणारे जिवंत जिवाणू उंदरांना नाकातून दिले, की एचपीव्हीसारख्या गाठी त्यांच्यात रुजत नाहीत.

उंदीर आणि बाई यांत फार अंतर आहे. टोकियोत केई कवाना यांच्या गटाने गर्भाशयमुखात कॅन्सरपूर्व बदल झालेल्या १७ स्त्रियांना ई-७ असलेले लॅक्टोबॅसिलस केसी तोंडावाटे दिले. निकाल २०१४ मध्ये आला. इथे जिवाणू जिवंत नव्हते, उष्णता देऊन निष्क्रिय केलेले होते. आतड्यात शिकलेल्या टी पेशी शरीरातल्या इतर ओलसर अस्तरांकडे जातात, या गोष्टीवर त्यांची भिस्त होती. गर्भाशयमुखात ई-७ ओळखणाऱ्या पेशी खरंच सापडल्या आणि बऱ्याच जणींचे बदल सौम्य झाले. पण या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. असे बदल काही वेळा आपोआपही मागे जातात. पुढे थोड्या सौम्य बदलांवर तुलनागट घेऊन चाचणी केली तेव्हा ठोस फरक दिसला नाही. त्यानंतर सुधारित जिवाणू घेऊन मोठी चाचणीही केली गेली.

अडचणी खऱ्या आहेत. जे रोज पोटात येतं ते सोसायला आतडं शिकलेलं असतं, नाहीतर आपल्याला वरणभाताचीही ॲलर्जी झाली असती. म्हणून ज्या गुणामुळे हा जिवाणू सुरक्षित आहे त्याच गुणामुळे त्याची लस सौम्य पडते. शिवाय जनुक बदललेला जिवंत जिवाणू शौचावाटे बाहेर पडून पसरला तर? यावर २००६ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये उपाय करून पाहिला होता, तोही कॅन्सरवर नाही तर आतड्यांच्या क्रोन्स या आजारावर. त्या जिवाणूचं एक आवश्यक जनुक काढून टाकलं होतं. त्यामुळे थायमिडीन नावाचा पदार्थ बाहेरून मिळाला तरच तो जगायचा, नाहीतर मरायचा. दहा रुग्णांनी तो घेतला आणि तो सोसला.

आणि एक सरळ सांगतो. घरचं दही, ताक किंवा दुकानातली कुठलीही प्रोबायोटिक बाटली गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळत नाही आणि बरा करत नाही. त्यात ई-७ नसतं. आज उपलब्ध आहे ती मुलींसाठी प्रतिबंधक लस आणि तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी वेळोवेळी तपासणी.

शेवटचा प्रयोग

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. संस्थेतले तरुण सैन्यात गेले, प्रयोगाची जनावरं मारली गेली, मेचनिकॉव्ह यांची प्रयोगशाळा ओस पडली. हृदय आधीच थकलं होतं. शेवटच्या महिन्यांत त्यांना संस्थेतल्याच पाश्चर यांच्या जुन्या घरात हलवलं गेलं. घरात बहुतेक जण लवकर गेले, त्या मानाने आपण बरंच जगलो, असा हिशोब ते मांडत. स्वतःच्या दुखण्याच्या नोंदीही ठेवत.

जायच्या आधी त्यांनी एका डॉक्टर मित्राला सांगून ठेवलं की शवविच्छेदन तूच कर, आणि आतडी नीट तपासून बघ, तिथे काहीतरी सापडेल. १५ जुलै १९१६ ला ते गेले. वय ७१. दही खाऊन दीडशे वर्षं जगायला निघालेला म्हातारा सत्तरीतच गेला, अशी चेष्टाही झाली. विच्छेदनात दोष हृदयात आणि रक्तवाहिन्यांत निघाला.

त्यांच्या अस्थींचा कलश पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवला आहे. तरुण हाफकिन जिथे पुस्तकं लावायचे त्याच संस्थेच्या ग्रंथालयात.